वरवंट्याची खूण

"मिक्सरमदल्या वाटणाला काय चव हाय? निस्ता भुसा!"

कमळनं मान वळवली नाही. अलिबागच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बाकडी पाठीला पाठ लावून ठेवलेली. मागचा आवाज थोरल्या जावेचा, बायजाचा, हे तिला वळून बघायला नको होतं. बायजा शेजारच्या कुणा अनोळखी बाईपुढं गाऱ्हाणं गात होती.

"पाटा न्हाय का घरात?" त्या बाईनं विचारलं.

"पाटा हाय. वरवंटा कोर्टात जमा हाय."

कमळला हसू फुटलं, ते तिनं पदर तोंडाला लावून खोकल्यात घातलं. फिर्यादीनं आरोपीच्या बोलण्याला हसू नये, इतपत कोर्ट तिला आता कळू लागलं होतं.

एकेकाळी त्या दोघी नुसत्या थोरली नि धाकटी होत्या. किहीमच्या घरात एक खोबरं खवायची, दुसरी वाटायची, आणि सासू आवडाबाई, दोघींची 'आये', उंबऱ्यात बसून दोघींच्या चुका काढायची. दुपारी तिघी एकाच ताटातलं सुक्या बोंबलाचं कालवण पुसून खायच्या. मग कमळचा नवरा दयाराम आणि बायजाचा रावजी, दोघे भाऊ, नारळाच्या वाडीवरून हातघाईवर आले. त्या गोंधळात वरवंटा कमळच्या कपाळावर बसला. भावाला अद्दल घडवायची म्हणून दयारामनं पोलिसांत भावजयीचं नाव सांगितलं. टाके घातलेल्या कमळनं नवऱ्याच्या शब्दाखातर जबाबाखाली सही केली. बायजाही काही बोलली नाही. घरात मधोमध भिंत आली. गेल्या साली आवडाबाई गेली, तेव्हा दोघी एकाच प्रेतापाशी बसून वेगवेगळ्या रडल्या.

आज कमळची साक्ष. सरकारी वकिलांनी सकाळीच बजावलं होतं, "काही लांबण लावू नका. आरोपीकडं बोट दाखवा, झालं." बोट दाखवलं की बायजाला तुरुंग.

पुकारा झाला. लाखेचं सील फोडून, कागद सोडून वकिलांनी वस्तू पुढं धरली.

"हाच का तो दगड?"

"दगड न्हाय. वरवंटा हाय."

तो हातात आला तसा दोन्ही तळव्यांत बसला. कमळनं नकळत तो पिंजऱ्याच्या कठड्यावर पुढं-मागं फिरवला. कारकून गालात हसला.

"तुमचाच, हे कशावरून?"

"ह्या टोकाला कपची उडालीय. माकड घुसलं व्हतं खोबऱ्याला. आयेनं ह्यो फेकला. माकड गेलं कौलांवर, ह्यो बसला जोत्यावर."

"आन् वर शिव्या माकडालाच, मधी उभं का न्हाय राहिलं म्हून!" आरोपीच्या पिंजऱ्यातून बायजा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"आरोपींनी मध्ये बोलू नये," न्यायाधीश बाई म्हणाल्या. पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

"खरं बोलते ती," कमळ हसत म्हणाली. "आयेचा नेम कधी म्हून लागलाच न्हाय."

बोलली आणि तिचा हात कठड्यावर थांबला. मागच्या बाकावर दयारामनं घसा खाकरला. न्यायाधीश बाईंनी कागदावरून डोळे वर केले.

"मग तुमच्या कपाळावर हा कुणी मारला?"

"मॅडम, जबाबात आरोपीचं नाव स्पष्ट..." वकील उठले.

"साक्षीदाराला सांगू द्या."

कमळनं समोर पाहिलं. बायजा पिंजऱ्यात उभी राहून हळूच मान हलवत होती. नको. गेलेल्या माणसाचं नाव नको.

कमळनं वरवंटा पोटाशी धरला, तान्हं मूल धरावं तसा.

"आयेनं," ती म्हणाली. "आपल्या दोन लेकांवर फेकला व्हता. भांडू नका म्हून."