गेटापाशीची काचपेटी

"बाबा, अजून थोडे गप्पी मासे लागतील. आधीचे गेले," ओजस बूट काढता काढता म्हणाला.

चिंतामणी मास्तर घरातल्या काचपेटीशेजारी पुस्तक घेऊन बसले होते. "गेले म्हणजे?"

"मेले. त्याच्या आधीचेही मेलेच होते, तुम्हाला बोललो नाही. उद्या कारखान्याच्या गेटापाशी गावकऱ्यांची बैठक आहे. नवा प्लांट टाकायचाय, त्यांची संमती हवी. पेटी रिकामी दिसून चालणार नाही."

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ओजस सांडपाण्याचं खातं सांभाळायचा. तिथं गेटापाशी मोठी काचपेटी ठेवली होती आणि तिच्यावर पाटी होती: 'आमच्या कारखान्यातून ओढ्यात सोडल्या जाणाऱ्या शुद्ध पाण्यात हे मासे आनंदाने जगतात.' मासे मास्तरांनी घरी वाढवलेले. मुलानं मागितले तेव्हा त्यांनी ते किती कौतुकानं दिले होते!

"मरायच्या आधी कसे दिसत होते?" त्यांनी विचारलं. "पंख मिटून तळाशी बसले होते?"

"हो, अगदी तसेच. मग एकेक उलटा होत गेला."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. सुरुवातीला त्यांचेही मासे असेच मेले होते. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी सगळ्यात स्वच्छ, म्हणून त्यांनी सगळी पेटी त्यानंच भरली होती. पुढे वाचनात आलं, की त्या यंत्रात पाण्यातले क्षारही निघून जातात आणि तसल्या कोऱ्या पाण्यात मासा तग धरत नाही. तेव्हापासून ते अर्धं आरओचं आणि अर्धं विहिरीचं पाणी घालत. हे दुसऱ्या कुणाला सांगायचा त्यांना संकोच वाटे. आपण काय मोठे जाणकार!

"ओजस, त्या पेटीत पाणी कुठलं घालता?"

ओजस बुटांकडेच बघत राहिला. "कँटीनचं. आरओचं. म्हणून तर कळत नाही, इतक्या शुद्ध पाण्यात मरतात कसे!"

"आणि पाटी?"

"पाटी साहेबांनी लावलीय. कोण वाचतंय, बाबा?"

"भागोजी वाचतो!" मास्तर उठून उभे राहिले.

भागोजी ओढ्याकाठचा शेतकरी, त्यांच्याकडे रोज दूध घालायचा. सकाळीच हसत हसत म्हणाला होता, "गुरुजी, पाण्याला वास मारतो म्हणून म्हशी लांब नेत होतो. पण तुमचं मासं जगतात तिथं, मग म्हशींना काय व्हायचं हाय? आता परत ओढ्यावरच सोडतोय." आणि मास्तरांनी मान डोलावली होती.

"माझे मासे खोटी साक्ष द्यायला नेलेस तू!"

"नोकरी आहे माझी, बाबा. द्यायचे नसतील तर दुकानातून आणेन."

मास्तर पेटीतल्या माशांकडे वळले. मग म्हणाले, "उद्या मीच घेऊन येतो."

गेटापाशी मांडव घातला होता. चहा फिरला, वडापाव फिरले. साहेबांनी माईक हातात घेतला. "मंडळी, तुमचे गुरुजीच आज पेटीत मासे सोडणार आहेत!" टाळ्या वाजल्या.

मास्तर माशांची पिशवी पोटाशी धरून पुढे आले. आपलंच काही चुकत असेल तर? ओढ्यातलं पाणी खरंच चांगलं असेल तर? मग तर उत्तमच, त्यांनी स्वतःला बजावलं.

"आधी पाणी बदलू या," ते म्हणाले. "हे कँटीनचं आहे. पाटीवर लिहिलंय ते आणा."

साहेब हसले. "गुरुजी, पाणी ते पाणीच!"

"मग आणायला हरकत कसली?"

भागोजीनं रखवालदाराची बादली उचलली आणि तो कुंपणामागं ओढ्यात सुटणाऱ्या कारखान्याच्या पाइपाकडे गेला. परत आला तेव्हा बादलीत तांबूस फेस होता. पुढच्या बायकांनी नाकाला पदर लावले.

"गुरुजी, मुक्या जिवांना कशाला!" भागोजीची बायको राहीबाई ओरडली. "सायबांनाच पाजा की तांब्याभर!"

मांडव हसला. साहेबांचा चेहरा उतरला. "हे बघा, अशी तपासणी नसते. आमच्याकडे प्रयोगशाळेचे रिपोर्ट आहेत."

मास्तरांनी पिशवीचं रबर काढलं आणि ती बादलीवर धरली. आत मासे गोल गोल फिरत होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"ओजस, हे तुझं खातं. तू सांग. सोडू?"

"सांगा ना, सोडायला सांगा," साहेब ओजसच्या कानाशी लागले.

ओजसनं एकदा साहेबांकडे, एकदा बादलीकडे पाहिलं. मास्तरांनी पिशवी तिरकी केली. काठावरून पाण्याची धार लागली, तिच्याबरोबर एक पिवळा मासा पिशवीच्या तोंडाशी आला.

"नको, बाबा!" ओजसनं त्यांचं मनगट धरलं.

"का?"

"मरतील."

भागोजी बादलीजवळच उभा होता. त्याचा आवाज एकदम खाली आला. "ओजसदादा, माझ्या म्हशी आज सकाळी तिथंच प्यायल्यात हो."

ओजसनं मान खाली घातली. मास्तरांनी पिशवी सरळ केली, रबर लावलं आणि साहेबांच्या हातातला माईक काढून मुलासमोर धरला.

"परत सांग," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."