चौथा माणूस

"एक, दोन…" म्हणता म्हणता सिस्टर एस्मी थांबली.

फालेसीचं डोकं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. मान, बरगड्या, कंबर, सगळं ट्रकखाली मोडलेलं. कुशीवर वळवायचं तर चौघांनी एकदम, शरीर सरळ ठेवून. नवरा वायसन आणि शेजारच्या खाटांचे दोन नातेवाईक हात लावून उभे होते. सिस्टरने फालेसीच्या गळ्याशी बोटं टेकवली. डॉक्टर धावत आला. बराच वेळ खटपट झाली, मग पडदा ओढला गेला.

"गेली ती. तिच्या आईला सांगून ये," सिस्टर हळूच वायसनला म्हणाली.

"मी? सासूला?" वायसन मागे सरला. "आमच्यात असली बातमी बायकोचा मामाच देतो. फोन केलाय. बसने निघालाय तो."

लग्न झाल्यापासून त्याने सासूकडे नजर वर करून पाहिलं नव्हतं. तीही त्याच्याशी थेट बोलत नसे. जावई-सासूची रीतच तशी होती.

त्याला बसवेना. खिडकीशी जाई, पुन्हा पडद्याशी येई. वॉर्डाबाहेरच्या चुलीवर सासू पेज ढवळत होती. तिचा आवाज आत पोचत होता.

"अगं, त्या जावयाला कुणीतरी विचारा, साखर आणायला गेलाय की ऊस लावायला? काल पोरीने अर्धी वाटी घेतली. आज भांडं चाटून संपवेल बघ."

चुलीभोवतीच्या बायका हसल्या.

"वायसन, ये रे जरा," सिस्टरने हाक मारली. पलीकडच्या खाटेवरच्या गवंड्याला वळवायची वेळ झाली होती. वायसन जवळजवळ पळतच गेला आणि गवंड्याची कंबर धरली. खांदे गवंड्याच्या नातेवाइकाने धरले होते. "पाठीमागे उशी लावायला कोण? अजून एक माणूस हवं," सिस्टर म्हणाली.

"मी आहे की." दारातून सासू आत आली. पडद्याकडे तिने पाहिलं. "अंग पुसतायत वाटतं तिचं. तोवर पेज निवेल."

भांडं खाली ठेवून ती वायसनच्या समोर उभी राहिली.

"एक, दोन, तीन."

गवंडी कुशीवर आला. वायसनचा हात कमरेवरून घसरला. गवंडी कण्हला.

"नीट धर, बाबा," सासू म्हणाली. थेट त्यालाच.

वायसनने वर पाहिलं. सासूही त्याच्याकडेच पाहत होती. मग तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिथे कुणाचीच हालचाल नव्हती. तिने उशी सावकाश आत सरकवली, घट्ट बसवली, आणि हात तिथेच ठेवले.

मामाची बस अजून आली नव्हती. तिला सांगायचं राहिलंच होतं.