गजराबाईचा पोहरा

इरम्माच्या घोट्यावर फोड आला तो आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर चौथ्या दिवशी. वहाण चावली असेल म्हणून तिनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी पायाची आग आग झाली, फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावलं.

महांतप्पा बायकोच्या पायाशी उकिडवा बसला. बराच वेळ बघून म्हणाला, "नारू."

"मला दिसतंय," इरम्मा म्हणाली. "कुठनं आला ते सांगा."

गावाला नारू नवा नव्हता. गाव बारवेचं पाणी पीत होतं. चाळीस पायऱ्या उतरून बायका गुडघाभर पाण्यात घागरी बुडवायच्या, आणि ज्याला नारू झालाय तोही आग शमवायला त्याच पाण्यात पाय सोडून बसायचा. हे चुकतंय असं आरोग्य खात्याचा माणूस दरवर्षी सांगून जायचा आणि गाव दरवर्षी मान हलवायचं. महांतप्पानं मात्र ते ऐकलं होतं. रझाकारी मिटली त्याच्या पुढच्याच साली त्यानं परसात आड खोदला, वर सागवानी झाकण बसवलं. दुकानात तेल-गूळ मोजता मोजता तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझ्या आडात उन्हाशिवाय कोन उतरत न्हाय." नऊ वर्षं त्याच्या घरात कुणाला नारू झाला नव्हता.

म्हणजे आता हे कुणीतरी केलं होतं. कुणी, ते शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही.

भिंतीपलीकडं गजराबाई राहायची. साठीची, एकटी, दोन्ही गुडघ्यांनी अधू. आड खोदला तेव्हापासून ती रोज सकाळी दोन घागरी न्यायची. पोहरा आणि दोर स्वतःचाच आणायची. महांतप्पाला आठवलं, गेल्या पोळ्याला हाच पोहरा त्यानं बारवेच्या पायरीवर पालथा पाहिला होता. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता तोच पोहरा डोळ्यापुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी गजराबाई आली तर झाकणाला कुलूप.

"अप्पा, आडाला काय सोनं लागलं काय?"

"गजराबाई, तुमचा पोहरा बारवंत जातो."

"वाकळा धुवायला जातो की. वाकळा काय तुमच्या आडावर आणून धुवू?"

"आन् तोच पोहरा माझ्या आडात सोडता."

"राखंनं घासून सोडते. तुमच्या दुकानातल्या मापापरीस सोच्छ हाय."

"बोलण्यानं नारू जात न्हाय," महांतप्पा म्हणाला. "आजपासनं पाणी बंद."

गजराबाईनं कुलपाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, दोर गुंडाळला. "बरं," एवढंच म्हणाली आणि रिकाम्या घागरी घेऊन बारवेच्या वाटेला लागली.

किल्ली महांतप्पानं करदोड्याला बांधली. पाणी काढायचं तर तोच उघडायचा, तोच लावायचा. तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. दुकानात जाताना तो झाकणाच्या फटीवर चिमूटभर राख भुरभुरायचा आणि परत आल्यावर ती हलली का ते वाकून बघायचा. एकदा राख विस्कटलेली दिसली. त्यानं गल्लीतल्या चार घरी चौकशी केली. शेवटी चिमणीच्या पायाचे ठसे निघाले.

इरम्मा ओसरीत पाय लांब करून पडलेली असायची. नारूचं टोक कापसाच्या वातीला बांधून रोज बोटाच्या पेराएवढं ओढायचं. जास्त ओढलं तर तुटतो, आणि तुटला की पाय सडतो. हे ओढण्याचं काम महांतप्पाच करायचा, श्वास रोखून.

"अवं," ती एकदा म्हणाली, "गजराबाई पायरीपायरीला बसतीया म्हणं. वर यायला दोन घटका लागत्यात."

"लागू दे."

"तिच्याच पोहऱ्यानं झालं हे कशावरनं?"

"मग कशानं? तूच सांग. तू बारवंचं प्यालीस?"

"न्हाय."

"आड उपसला तवा धोंडीबा गडी गाळ काढायला आत उतरला. उतरायच्या आधी त्याचे दोन्ही पाय म्या स्वतः उन्हात तपासले. फोड न्हाय, वण न्हाय. ऱ्हायलं कोन?"

इरम्मानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

कुलूप लागल्याच्या बाविसाव्या दिवशी आरोग्य खात्याचे विष्णुपंत सायकलवरून आले. काखेत वही, खिशात पाणी शुद्ध करायच्या जांभळ्या खड्यांची पुडी. त्यांनी इरम्माचा पाय पाहिला, वात पाहिली, "ओढताय चांगलं," म्हणाले. महांतप्पानं मग पोहरा, पोळा, कुलूप सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या वहीत तिचं नाव लिवा."

"फोड कधी आला?"

"आखातीनंतर चौथ्या दिवशी."

"मग पोळ्याचं सोडा. नारू अंगात शिरला की बाहेर यायला वर्ष घेतो. साधारण बारा महिने. मागच्या आखातीला काय झालं होतं ते सांगा."

महांतप्पानं बोटांवर महिने मोजले. भिंतीपलीकडून आवाज आला. गजराबाई सगळं ऐकत उभी होती.

"मागल्या आखातीला म्या माकणीला होते! लेकीच्या बाळंतपणाला! चैताच्या आधी गेले आन् पाऊस लागल्यावर आले. पोहरा पण खुंटीलाच हुता!"

विष्णुपंतांनी वहीतून मान वर केली नाही. "मागच्या आखातीला?"

"आड उपसला," महांतप्पा म्हणाला. "दरसाल उपसतो. तळ घासला. धोंडीबाचे पाय—"

"ते ऐकलं. नंतर?"

"नंतर काय? झरे फुटले. सांजंपर्यंत वीतभर पाणी आलं. पूजा केली, मासे सोडले—"

"मासे?"

"आड मुका ठेवत न्हाईत, साहेब. उपसला की त्यात जीव सोडायचा. आमच्या आज्यापासनं चालत आलंय. मासे घाण खात्यात, पाणी निवळ ऱ्हातं."

विष्णुपंतांनी वही मिटली. "उघडा."

महांतप्पानं करदोड्याची किल्ली लावून झाकण बाजूला केलं. दुपारचं ऊन सरळ तळापर्यंत गेलं. पाण्यात चार-पाच काळसर पाठी सरकल्या.

"हे कुठून आणले?"

ओसरीवरून इरम्मा म्हणाली, "बारवंतनं. स्वतः उतरून धरले. पंच्यात."

"आणि घरापर्यंत?"

"घागरीत," महांतप्पा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. "बारवंच्याच पाण्यात. दुसऱ्या पाण्यात मरतील म्हणून."

"आणि ती घागर वीतभर पाण्यात ओतलीत."

विष्णुपंतांनी पुडी सोडली. खडे पाण्यात पडले तशी जांभळी रेघ खाली उतरत गेली. "माशांचा दोष नाही," ते म्हणाले. "नारूची पिलं ज्या बारीक किड्यात असतात, ते किडे मासे खातातही. पण दोन-चार दिवस द्यावे लागतात. त्याआधी कोणी प्यायलं असेल, न गाळता, तर झालं. इतकी वर्षं निभावलं ते नशीब. एरवी पाणी गाळता ना?"

"दुहेरी फडक्यानं," महांतप्पा म्हणाला.

मग दोघं नवरा-बायको एकमेकांकडं बघू लागले. त्यांच्या घरची आणखी एक रीत होती. उपसलेल्या आडाचं पहिलं पाणी घरधनिणीनं प्यायचं, पोहऱ्यातून थेट ओंजळीनं. देवाचं म्हणून गाळायचं नाही. मागच्या आखातीच्या सांजेला महांतप्पानं स्वतः पोहरा वर ओढून तिच्या ओंजळीवर धरला होता. "पी पोटभर," म्हणाला होता.

"मी दोन ओंजळी प्याले," इरम्मा म्हणाली.

विष्णुपंत गेल्यावर महांतप्पा किल्ली घेऊन पलीकडं गेला. गजराबाई दारात गुडघ्यांना एरंडाचं पान बांधत होती. तिनं त्याला बसा म्हटलं नाही.

"चूक झाली," तो म्हणाला. "उद्यापासनं पाणी न्या."

"व्हय."

"बावीस दिवस... बारवंचं पाणी गाळून प्यालात न्हवं?"

गजराबाईनं पानाची गाठ मारली. "घरी आल्यावर गाळलं. पर चाळीस पायऱ्या चढून आलं की घसा कोरडा पडतो, अप्पा. वरच्या पायरीवर बसून दोन घोट घ्यायचे, मग उठायचं. तिथं कोन फडकं घेऊन बसलंय?"

"किती येळा?"

"रोजच की. आता वरीसभर बघायचं." तिनं हात पुढं केला. "किल्ली आना."

"मी उघडून देईन की—"

"माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमास्नी पाणी लागलं की हाक मारा."

महांतप्पानं करदोड्याची गाठ सोडून किल्ली तिच्या हातावर ठेवली.

इरम्माचा नारू ज्येष्ठ सरता सरता अखंड निघाला. किल्ली गजराबाईकडंच राहिली. रोज सकाळी महांतप्पा भिंतीपाशी उभा राहून हाक मारतो, ती लंगडत येते, कुलूप काढते. ती वाकली की त्याची नजर तिच्या घोट्यांवर जाते.

"बघा, बघा," ती मागं न वळता म्हणते. "आज तर काय न्हाय."