भरलेली गॅलरी

बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईला शहरात चेहऱ्याने कोणी ओळखत नव्हतं, पण तिने दुकानात साधा साबण मागितला तरी दुकानदार मान वर करून बघायचा. हा आवाज रोज कानावरून गेलेला असायचा. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती रद्द झाली, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, सगळं ती एकाच सुरात सांगायची. सूनबाई गाडी रद्द झाल्याचं अशा गोडीने सांगते की माणसाला रागसुद्धा उशिरा येतो, असं तिचे सासरे म्हणायचे.

रविवारी हाच आवाज फुटबॉलच्या मैदानावर ऐकू यायचा. शहराच्या संघाचा व्यवस्थापक तिचा नवरा होता, त्यामुळे हे काम तिच्याकडे कोणी न विचारताच आलं होतं. संघ पगारी खेळाडूंचा, पण दुसऱ्या फळीतला. टीव्हीवर न दिसणारा. शहरही तसंच मधलं. लोकांना संघाचा अभिमान होता, पण तो घरबसल्या. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूस गोलरक्षकाच्या चुका एकेक करून सांगायचा, आणि शेवटचा सामना कधी पाहिलात असं विचारलं की आरशातून नजर काढून घ्यायचा. गॅलरीत तेच ते चेहरे. त्यातले अर्धे खेळाडूंचे नातेवाईक.

त्या वर्षी संघाच्या मालकाने हात वर केले. मोठ्या शहरातली एक कंपनी संघ चालवायला घेईन म्हणत होती, पण आधी तिला बघायचं होतं की एवढ्या शहराला असा संघ झेपतो का, लोक येतात का. कंपनीचे दोन साहेब हंगामातल्या शेवटच्या सामन्याला येऊन बसणार होते. गॅलरी रिकामी दिसली की विषय संपला.

नवऱ्याने त्या दिवसांत स्वतःला अक्षरशः पिळून काढलं. शाळा, कारखाने, दवाखाने, एक दार सोडलं नाही. जिथे गेला तिथे फुकट पास वाटून आला. जेवायला बसला की घास हातात धरून तंद्री लागायची. एकदा तो तिला म्हणाला की स्वप्नात मैदान दिसतं आणि गॅलरीत फक्त खुर्च्या टाळ्या वाजवत असतात. ती हसली, पण नंतर भांडी घासताना तिलाही त्या खुर्च्या दिसत राहिल्या. तिनेही आपल्या परीने हातभार लावला. स्थानकावर गाडीची घोषणा झाली की त्याच सुरात रविवारच्या सामन्याचं निमंत्रण द्यायची. स्थानकप्रमुख तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

आणि रविवारी लोक आले. आधी चार-दोन, मग झुंडीने. दुपार चढेपर्यंत फाटकाबाहेरची रांग पेट्रोल पंपाच्या पुढे गेली. पश्चिमेकडे सिमेंटचा छोटा सज्जा होता. तिथे पाहुणे, कार्यालयातली माणसं आणि वर निवेदनाची काचेची खोली. समोर पूर्वेची गॅलरी : लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्या. ती तिच्या लग्नाआधीपासून उभी होती, आणि तिने ती कधी अर्धीही भरलेली पाहिली नव्हती. आज एकही फळी दिसत नव्हती. जिन्यांवरसुद्धा माणसं बसली होती.

अगदी वरच्या रांगेत तिचे सासरे बसले होते आणि शेजारी तिची नऊ वर्षांची मुलगी. सासऱ्यांची ती ठरलेली जागा. तिथे वारं लागतं म्हणायचे. गुडघे दुखत असूनही दर वेळी कठड्याला धरून चढायचे, आणि नात त्यांची पाण्याची बाटली घेऊन मागून.

काचेच्या खोलीत तिच्याबरोबर ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस असायचा. सगळे त्याला बटण म्हणायचे. तो गॅलरीकडे बघत म्हणाला की एवढी माणसं तर आपल्या शहरात राहतच नाहीत, भाड्याने आणली असणार. नवरा मधेच धापा टाकत वर आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत खाली पळाला. त्याचे डोळे भरले होते.

पहिला गोल आपल्या संघाचा झाला. तिने माईक तोंडाशी नेला आणि नेहमीसारखं म्हणाली, "बसून काय बघताय, उठा. उड्या मारा." नेहमी या वाक्यावर वीस-पंचवीस पोरं उठायची. आज अख्खी गॅलरी उठली. एका तालात, सगळे एकदम वर, सगळे एकदम खाली. खोलीची काच थरथरली. बटण हसत होता. तीही हसत होती.

मग तिला ती पट्टी दिसली. गॅलरीच्या पुढच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या रंगाची पट्टी मारलेली होती. लोक खाली आले की पट्टी मधोमध वाकत होती. लोक वर गेले की सरळ होत होती. कपडे वाळत घालायची दोरी हलावी तशी.

तिने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. पट्टी वाकली. या वेळी ती पूर्ण सरळ झाली नाही.

तिने बटणला दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला, म्हणाला की उन्हामुळे तसं वाटत असेल, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आपोआप उतरलं. तो खुर्चीतून उठला तो परत बसला नाही.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो खाली पाहुण्यांच्या शेजारी बसला होता. तिला त्याची पाठ दिसत होती. काय दिसतंय ते तिने सांगितलं. त्याने मान वळवून गॅलरीकडे पाहिलं.

"मला काही दिसत नाही," तो म्हणाला.

"नीट बघा. मधोमध बघा."

"पाहिलं. काही नाहीये. मध्यंतरापर्यंत थांब, मग बघू. हे दोघं इथेच बसलेत गं." त्याचा आवाज अगदी हलका होता, विनवणीचा. मग त्याने फोन ठेवला.

मध्यंतराला अजून बराच अवकाश होता. समोर लोकांनी नवीन ताल धरला होता, आता तिच्या सांगण्याचीही गरज उरली नव्हती. तिच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. एक, गॅलरीला धोका आहे असं म्हटलं तर हजारो माणसं दोन अरुंद जिन्यांवर तुटून पडतील. दुसरी, आपल्याला नुसता भास होत असेल तर या संघाचा गळा आपणच घोटला असं होईल. माईक चालू करून ती क्षणभर नुसतीच उभी राहिली, आणि तिचा श्वास सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

मग ती बोलली. कसं बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं; तोंडातून आला तो स्थानकावरचा आवाज.

"प्रवाशांनी," ती म्हणाली आणि सावरली, "प्रेक्षकांनी कृपया खाली बसावं. सगळ्यांनी बसावं. आज आपण संघाबरोबर संपूर्ण शहराचा एक फोटो काढणार आहोत."

लोक हसले. पण बसले. या आवाजाने सांगितलं की रांग लावायची, ही सवय कितीतरी वर्षांची होती. उड्या थांबल्या. पट्टी वाकलेली होती तशीच राहिली. आता ती बटणलाही उन्हाची गंमत वाटत नव्हती. तो पुटपुटत होता, बाई, लवकर, लवकर.

फोटो मैदानावर निघेल, असं तिने सांगितलं. सगळ्यात खालच्या रांगेने आधी यावं, लहान मुलांचा हात धरून, सावकाश. बाकीच्यांनी आपल्या जागी बसून राहावं, प्रत्येकाची पाळी येणार आहे, कोणी फोटोतून सुटणार नाही. पंचाने शिट्टी तोंडात धरून वर काचेकडे पाहिलं. खेळाडू जागच्या जागी थांबले.

गॅलरीपुढच्या जाळीचं फाटक मात्र बंद होतं. पहिली माणसं तिथे येऊन थबकली आणि मागून दुसरी रांग उठायला लागली. तेवढ्यात तिला नवरा दिसला. पाहुण्यांना सोडून तो मैदानातून आडवा धावत सुटला होता, बुटासकट, गवत तुडवत. त्याने फाटक उघडलं आणि स्वतः बाजूला उभा राहून एकेकाला आत घ्यायला लागला.

आता खालून दुसरी. मग तिसरी. तिची माणसं सगळ्यात वर होती. तिला वाटत होतं, माईकवर एवढंच म्हणावं की वरच्या रांगेतल्यांनी आधी यावं. तिचं कोण ऐकणार नव्हतं? पण वरची माणसं उठली असती तर जिन्यात बसलेल्यांच्या अंगावरून आली असती, आणि मग कोण कोणाला थांबवणार. ती खालून वर एकेक रांग बोलावत राहिली. चौथी रांग. पाचवी. माईकमधून तोच शांत, गोड आवाज येत होता. खाली मैदानावर लोक गटागटाने उभे राहत होते, मुलं खेळाडूंना चिकटत होती, कोणी गोलपोस्टला लोंबकळत होतं. कोणाला काहीच कळलेलं नव्हतं.

शेवटची रांग उठली. माणसं उतरली. सासरे उठले नाहीत.

ते कठड्याला टेकून निवांत बसले होते. नात त्यांचा हात ओढत होती. एवढ्या मोठ्या गॅलरीत दोघंच. तिने आधी तशाच गोड सुरात सांगितलं की राहिलेल्या प्रेक्षकांनी खाली यावं. सासऱ्यांनी हात हलवला, म्हणजे मी इथेच बरा आहे. तेव्हा तिचा तो स्थानकावरचा आवाज सुटला आणि घरातला आवाज सगळ्या मैदानावर गेला.

"आप्पा, उठा. माझी शपथ आहे तुम्हाला. तिला घेऊन खाली या."

मैदानावरचे लोक हसायचे थांबले. सासऱ्यांनी काचेकडे टक लावून पाहिलं. माईकवरून सुनेचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते उठले. एक पायरी, थांबून दुसरी. नात पुढे, त्यांचा हात तिच्या खांद्यावर. अर्ध्यावर त्यांनी गुडघा धरला आणि उभे राहिले. तेव्हा गोलरक्षक धावत वर गेला, त्यांना पाठीवर घेतलं, पोरीला काखेत धरलं आणि उतरला. तिने माईक बंद केला आणि टेबलावर डोकं टेकलं.

कोसळणं तिने पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. दार जोरात आपटावं तसा. तिने डोकं वर केलं तेव्हा गॅलरीचा मधला भाग खाली बसला होता, फार नाही, पुरुषभर. वरच्या फळ्या तिरक्या होऊन एकेक करून घसरत होत्या. मैदानावर हजारो माणसं त्या दिशेला तोंड करून उभी होती. मग एक मूल रडायला लागलं.

कोणाला खरचटलंही नाही. तिचे सासरे पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते की त्यांना वरूनच फोटो चांगला आला असता.

सामना अर्थातच रद्द झाला. पाहुणे साहेब फार सभ्य माणसं होती; त्यांनी तिचं कौतुक केलं, आप्पांची विचारपूस केली, आणि मग त्यांचा फोन आलाच नाही. तपासणी झाली, सांगाड्याचे खांब आतून गंजून गेल्याचं निघालं, गॅलरी पाडली. गॅलरीशिवाय लीगमध्ये जागा नाही, असं वरून कळलं. खेळाडू मिळेल तिथे गेले. शहरात थोडे दिवस चर्चा रंगली. काही म्हणत, एवढे लोक आले म्हणजे संघ चालला असता. काही म्हणत, फुकट होतं म्हणून आले. रस्त्यात बायका तिचे हात हातात घ्यायच्या. तिला मात्र स्थानकावर फलाटाचं छप्पर वाऱ्याने वाजलं तरी घाम फुटायचा.

नवऱ्याला फर्निचरच्या दुकानात काम मिळालं. घरात तो विषय निघत नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी मुलगी बाहेर खेळत होती, आप्पा आत आडवे झाले होते, आणि ती त्याला वाढत होती. त्याने ताटाकडे बघत म्हटलं, "तू फोन केलास तेव्हा मला दिसलं होतं."

तिने पळी भांड्यात ठेवली.

"पट्टी वाकलेली दिसली होती. मी नाही म्हणालो."

"पोरगी वर होती," ती म्हणाली. "आप्पा वर होते."

"माहीत होतं." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "दोन साहेब शेजारी बसले होते आणि गॅलरी भरलेली होती. मला वाटलं, एवढं मध्यंतरापर्यंत निभावून जाऊ दे. एवढंच वाटलं. मग तू बोलायला लागलीस."

काचेच्या खोलीत वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या वेळी वाटली. समोरचा माणूस तोच होता, फाटकाकडे धावत सुटलेला. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. बाहेरून मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता. ती उठली, दारात गेली आणि मुलगी दिसेपर्यंत तिथे उभी राहिली. मग तिने तिला जेवायला हाक मारली.