लांब पाट्या

इस्पितळात सगळे तिला मावशीच म्हणत. अठरा वर्षं ती रुग्णांच्या खुर्च्या ढकलत होती. इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या. दारांच्या रंगावरून काम भागायचं. मग एका सुट्टीत सगळी दारं पांढरी झाली, आणि मावशीने मूत्रपिंडाच्या एका आजोबांना मेंदूच्या डॉक्टरांच्या दारात नेऊन बसवलं. आजोबा तासभर ताटकळले, त्यांचा नंबर गेला.

"महिनाभर बघते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर धुलाईखात्यात जावं लागेल."

घरी येऊन चपला काढायच्या आधीच ती सुनेला म्हणाली, "मला शिकव. अक्षरं ओळखते गं, पण शब्द लांबला की घाबरगुंडी उडते."

सुनेने जुन्या खोक्यावर पाटीचा शब्द लिहिला. "आई, टाळ्या वाजवत म्हणा. ने-फ्रॉ-लॉ-जी. चार टाळ्या, चार तुकडे. आता मागचा 'लॉजी' कापा. तो म्हणजे शास्त्र, बहुतेक पाट्यांना असतोच. पुढचा तुकडा महत्त्वाचा. 'नेफ्रो' मूत्रपिंड, 'न्यूरो' मेंदू आणि नसा."

"म्हणजे आडनाव एकच, नावं तेवढी वेगळी!"

"अगदी!"

मग भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मावशीच्या टाळ्या सुरू झाल्या. 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी' या कान-नाक-घशाच्या पाटीने तर आठवडा खाल्ला.

"सत्कार कुणाचा चाललाय?" नवऱ्याने विचारलं.

"अजून माझा नाही," ती म्हणाली.

महिना संपला. मोठ्या सिस्टर तिला घेऊन व्हरांड्यातून निघाल्या. सात पाट्या तिने धडाधड वाचल्या. आठवी कालच लागली होती, भलतीच लांब. मावशीने टाळ्या वाजवल्या. एक नर्स फिस्सकन हसली.

"गॅसट... रोएन..." मावशी अडखळली. "थांबा. चुकीच्या जागी कापलं मी."

तिने शब्दाच्या शेपटावर तळहात ठेवून ते झाकलं, उरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "गॅस-ट्रो. एन-ट-रॉ." हात काढला. "लॉजी! गॅस्ट्रो म्हणजे पोट. मधलं काय, ते नाही ठाऊक. उद्या सांगते."

"आतडी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग हातातल्या कामवाटपाच्या यादीवर सही करत पुढे म्हणाल्या, "खुर्ची तुमच्याकडेच राहू दे."

 मावशी बाकावर टेकली, हसणाऱ्या नर्सकडूनच पेन मागून घेतलं आणि तळहातावर तो मधला तुकडा उतरवून घेतला.