बारा मिनिटांची रांगोळी

अनुपमा दारात रांगोळी काढायला बसली की श्यामकांत आतल्या खोलीत पेपर वाचायला बसायचा आणि पेपरातलं एक अक्षरही वाचायचा नाही. पेपराच्या आड त्याच्या डाव्या तळहातात स्टॉपवॉच असायचं. खटक्याचा आवाज बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून तो दाबताना खोकायचा. तीन आठवडे त्याला रोज सकाळी साडेसहाला नेमाने खोकला येत होता, आणि समोरच्या सुलक्षणाकाकूंनी त्याच्यासाठी ज्येष्ठमधाच्या काड्यासुद्धा आणून दिल्या होत्या.

माणूस वाईट नव्हता. भांडुपच्या एका कारखान्यात तो टाइम स्टडीला होता. कामगार पत्रा कापतोय, नट आवळतोय, तर त्याच्यामागे पॅड आणि घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि कुठल्या हालचालीला किती सेकंद लागले ते लिहायचं, ही त्याची नोकरी. कामगार त्याला पाठीमागे ‘काटा’ म्हणत. ‘काटा आला रे,’ असं कुणी पुटपुटलं की अख्ख्या शेडमधल्या हातांची चाल बदलायची. कुणी मुद्दाम रेंगाळायचा, कुणी घाबरून बोट कापून घ्यायचा. माणसावर घड्याळ धरलं की तो आपल्या चालीने काम करत नाही, हे श्यामकांतला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण नोकरीवरचं शहाणपण घरी आणायचं नसतं अशी आपल्याकडच्या पुरुषांची काहीतरी समजूत असते. घड्याळ मात्र तो घरी घेऊन आला होता.

अनुपमा ट्रंक कॉलच्या बोर्डावर ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, आणि प्रत्येक दिव्यामागे ‘अर्जंट आहे हो बाई’ म्हणून ओरडणारं कुणीतरी. अशी नऊ वर्षं. डिसेंबरात ती झोपेत ‘होल्ड ऑन, होल्ड ऑन’ म्हणायला लागली. मग तिचं जेवण सुटलं, मग बोलणं. जानेवारीत एके दिवशी कामावर जाते म्हणून मुलुंडच्या घरातून निघाली ती दुपारी पवईच्या तलावात सापडली, गुडघाभर पाण्यात उभी. एका माळ्याने पाहिलं म्हणून बरं. काठावर तिच्या चपला होत्या, शेजारी शेजारी, एका रेषेत नीट ठेवलेल्या. त्या चपला श्यामकांतच्या डोळ्यांपुढून अजून हलत नव्हत्या.

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, “लहानपणी काय करायला आवडायचं गं तुला?”

बऱ्याच वेळाने अनुपमा म्हणाली, “रांगोळी.” महिन्याभरात आपणहून उच्चारलेला तिचा तो पहिला शब्द.

“मग रोज काढायची. कितीही वेळ लागू दे.” डॉक्टरबाई श्यामकांतकडे वळल्या. “घाई करायची नाही आणि कुणी करायला लावायची नाही. कळलं ना?”

श्यामकांतने मान डोलावली.

त्या औषधाने खरंच गुण आला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा जागेत अनुपमा गेरू सारवायची, चपला बाजूला काढून बसायची आणि चिमटीतून एकेक ठिपका सोडायची. दोन ठिपक्यांच्या मध्ये कधीकधी ती नुसतीच बसून राही. जिन्याच्या जाळीतून ऊन यायचं, ते बघत राही. दूधवाला बाटली पायरीवर ठेवून हळूच परत जायला शिकला. दुसऱ्या आठवड्यात तिने सुलक्षणाकाकूंकडे मोरपिशी रंग मागितला. तिसऱ्या आठवड्यात ती गुणगुणली. श्यामकांतने आतून ऐकलं आणि पेपर तोंडावर धरून तो रडला.

आणि रडून झाल्यावर त्याने वहीत लिहिलं: एक तास पन्नास मिनिटं.

कारण पहिल्या दिवशी तिला दोन तास दहा मिनिटं लागली होती. त्याचा मेंदू त्याच एका रस्त्याने चालायचा. वेळ कमी लागतोय, म्हणजे बायको बरी होतेय. त्याने आलेखाच्या कागदावर रेघ काढायला घेतली. रेघ खाली उतरली की त्याला झोप लागायची. त्यातच अनुपमाच्या ऑफिसचं पत्र आलं होतं की पंधरा मेला तब्येतीचा दाखला घेऊन हजर व्हा, नाहीतर नाव कमी होईल. ते पत्र त्याने वहीत घातलं आणि वही रद्दीखाली ठेवली. बायको बरी होईल की नाही हे त्याला कुणीच सांगत नव्हतं, ती रेघ सांगत होती.

मग एप्रिलच्या मध्यावर रेघ उलटी फिरली. दोन तास वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी अडीच. श्यामकांतची पाचावर धारण बसली. तिसऱ्या सकाळी तो दारात येऊन शक्य तेवढ्या प्रेमाने म्हणाला, “अनू, आज जरा छोटी काढतेस का? लवकर होईल.”

तिने वर पाहिलं. चिमटीतली रांगोळी तशीच राहिली. “बरं,” ती म्हणाली.

त्या दिवशी एक तास वीस. पुढच्या दिवशी पन्नास मिनिटं. “झकास!” श्यामकांत बोलून गेला, आणि तिची पाठ ताठ झाली ते त्याने पाहिलं नाही. मग एकतीस मिनिटं. ठिपके वाकडे पडायला लागले होते. गुणगुणणं थांबलं होतं. मधूनच ती मान वळवून आतल्या खोलीकडे बघायची. हे सगळं त्याला दिसत होतं, पण त्याच्या वहीत त्याचा रकाना नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. त्या सकाळी श्यामकांतला उशिरा जाग आली. आठच्या सुमारास तो अंघोळ करून बाहेर आला तर दारातली रांगोळी काढून झालेली. पंधरा बाय पंधराची, एक ठिपका इकडचा तिकडे नाही, छापल्यासारखी. उंबऱ्याजवळच्या स्टुलावर त्याची वही उघडी पडली होती. आलेखाचा कागद वर. शेवटच्या आकड्याखाली ऑपरेटरच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: बारा मिनिटं. शेजारी स्टॉपवॉच, बारा मिनिटं चार सेकंदांवर थांबवलेलं.

खरं सांगायचं तर क्षणभर त्याला आनंद झाला. बारा मिनिटं!

मग त्याला दिसलं की तिच्या चपला नाहीत.

“अनू?” स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅलरीत कुणी नव्हतं. तो रांगोळीवर पाय देऊनच समोरच्या दारावर धडकला.

“अरे, ती केव्हाच खाली गेली,” सुलक्षणाकाकू म्हणाल्या. “कुठे गं म्हटलं, तर म्हणाली, जरा बसून येते. का रे? काय झालं?”

तो जिना उतरत सुटला. सदऱ्याची बटणं खालीवर लागली होती. नाक्यावरची पहिली रिक्षा त्याने हात आडवा घालून थांबवली. “पवई. तलावावर. लवकर चल रे बाबा.”

आग्रा रोडवर ट्रकांची रांग लागलेली. “जरा बाजूने काढ ना,” तो दर मिनिटाला म्हणत होता. शेवटी रिक्षावाला वैतागला. “साहेब, रिक्षा आहे ही, विमान नाही. बसा गपचूप.” भांडुपला त्याच्याच कारखान्याचं फाटक आलं. नऊची पाळी आत शिरत होती. कुणीतरी ओळखून हात केला. श्यामकांतला आजवर एकदाही लेटमार्क लागला नव्हता. त्याने फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही. देवा, एवढ्या वेळेला, तो मनात म्हणत होता, एवढ्याच वेळेला. मी पुन्हा काही मोजणार नाही.

उन्हाळ्याने तलाव बराच आत सरला होता. काठाची माती उघडी पडली होती, वरून भेगाळलेली, पाण्याकडे ओली. श्यामकांत उतारावरून धावत सुटला आणि मधेच थबकला.

चपला होत्या. शेजारी शेजारी, एका रेषेत.

पाण्यावर काहीच हलत नव्हतं. तो चपलांपाशी खाली बसला. एक चप्पल उचलली, ती उन्हाने तापली होती. ती किती तापली आहे यावरून किती वेळ झाला असेल असा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला, आणि त्याला स्वतःची अशी किळस आली की त्याने चप्पल टाकूनच दिली.

“तिथे पाय देऊ नका. ओळ मोडेल.”

बाभळीच्या सावलीत, वीसेक पावलांवर, अनुपमा उकिडवी बसली होती. ओल्या मातीत बोट रोवून ती ठिपके पाडत होती. तिच्यापुढे ओळींवर ओळी पसरल्या होत्या. एक ओळ श्यामकांतच्या गुडघ्याशी येऊन थांबली होती.

तो ओक्साबोक्शी रडायला लागला. ती उठली नाही. त्याचं रडणं थांबेपर्यंत तिने तीन ठिपके पाडले.

“किती वेळ लागला तुम्हाला यायला?” तिने विचारलं.

सवयीने त्याने डावा तळहात वर केला. हात रिकामा होता. मनगटावरचं घड्याळही न्हाणीघरातच राहिलं होतं.

“माहीत नाही गं,” तो म्हणाला. “बघितलंच नाही.”

तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे पाहिलं.

“तुमच्या खोकल्यात एक टक् यायचं. पहिल्या दिवसापासून. नऊ वर्षं हेडफोन लावलेत हो मी. टक् झालं की लाइनवर कुणीतरी आहे, हे मला कळतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला बरं वाटत होतं ना. वही सापडली, तेव्हा समजलं. तुमची रेघ खाली उतरत होती.” तिने बोटाची माती पुसली. “म्हटलं, एकदा उतरवूनच द्यावी. बारा मिनिटांत काढली. मग हात थांबेनात. इथे आले.”

त्याला विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती. “अनू, तू पाण्यात…”

“चपला काढल्या तेव्हा माझं मलाच ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “मग ही माती दिसली. सारवल्यासारखी. म्हटलं, एक ओळ काढून बघू.”

श्यामकांतने डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाईंना हे सगळं सांगायचं, वही दाखवायची, आपण काय केलं तेही सांगायचं, असं त्याने तिथेच ठरवलं. पंधरा मेचं पत्रही दाखवायचं. मुदत वाढवून मागू, नाही मिळाली तर नाही.

“घरी जायचं?” त्याने विचारलं.

“चार ओळी राहिल्यात.”

“बरं.”

“मग बसा की.”

तो तिथेच मातीत बसला. तिने एक ठिपका पाडला, मग पाण्याकडे बघत राहिली. दुसरा पाडला. तलावापलीकडे एक बगळा उतरला, तो नीट उभा राहीपर्यंत ती थांबली. नकळत श्यामकांतचे ओठ हलायला लागले.

“मोजताय ना?”

“हो,” तो म्हणाला.

“मोजू नका.”

त्याने ओठ मिटले. त्याच्या बोटांना मात्र कळेना आता काय करायचं, म्हणून त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अनुपमाने बोट उचललं, आणि पुढचा ठिपका कुठे टाकायचा याचा ती विचार करत बसली. श्यामकांत वाट बघत राहिला.