मामंजींचं नाव

कन्नड तालुक्यात कुणाचंही कार्य असो, टॉवेल-टोपीला पाहुणे पुकारायचं काम तात्यासाहेबांचंच, आणि तेही तोंडपाठ. "यादी किराणा आणायला लागती, सोयरे पुकारायला नाय," असं म्हणायचे.

आज तर घरचंच कार्य. नात प्रेरणाचा साखरपुडा, बीड बायपासच्या मंगल कार्यालयात. एकेक नाव धडाधड पुकारून झालं आणि शेवटी मानाचा फेटा उरला, मुलाच्या आजोबांचा.

"आता पिशोरचे आमचे ज्येष्ठ सोयरे, माननीय श्री..."

नाव येईना.

काय वैताग! माणूस समोर बसलेला, गेल्या महिन्यात मांडीला मांडी लावून जेवलेला. त्याच्या विहिरीला पाणी किती ते आठवतं, गुडघा कोणता दुखतो ते आठवतं, नाव तेवढं नाही. शेवटी 'नाथ' आहे, एवढं जिभेवर घोळत होतं. रघुनाथ? छे, तो शाळेतला. पण हा मेला रघुनाथच दारात आडवा बसला, हटता हटेना.

त्यांनी माईक खाली धरला. "प्रेरणे, तुझ्या आजेसासऱ्याचं नाव काय गं?"

"अण्णा."

"ती हाक झाली. नाव?"

"सगळे अण्णाच म्हणतात, आजोबा."

"कुणाच्या घरात चाललीस, ते तरी ठाव हाय का?"

प्रेरणाचा बाप इंद्रजीत खालून खुणावत होता, नुसतं अण्णा म्हणा म्हणून. म्हणे अण्णा! गल्लोगल्ली अण्णा पडलेत. मागं एका लग्नात नाव चुकलं म्हणून फर्दापूरचे पाहुणे ताटावरून उठून गेले होते. आज तसं झालं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार. तिकडं अण्णा निम्मे उठून परत बसले.

कुंकवाचं ताट घेऊन शेजारी उभ्या साळूबाई नवऱ्याला कधीच्या कोपर मारत होत्या. "आवो, मामंजींचं!"

"मामंजींचं काय? फोटोला हार घातलाय की."

"नाव! मामंजींचंच नाव हाय त्यांचं."

"मग घे ना! कोड्यात काय बोलायलीस?"

"सासऱ्याचं नाव मी कसं घेऊ? बाप तुमचा, तुम्हीच घ्या."

तात्यासाहेब आठवायला लागले. वडलांना जन्मभर दादाच म्हटलं. सहीत ता. रं. केलं की काम भागायचं. त्या 'रं'च्या पुढं काय, ते चाचपायला गेले तर पुन्हा तोच रघुनाथ. स्वतःच्या बापाचं नाव! अंगाचा तिळपापड झाला, आणि त्या रागाखाली पहिल्यांदाच भीती वाटली. माईक तोंडाशी नेऊन त्यांनी पुन्हा खाली घेतला.

साळूबाईंनी ते पाहिलं. पदर डोक्यावर नीट ओढला, माईककडं वाकल्या आणि म्हणाल्या, "रंगनाथराव."

सून होऊन आल्यापासून पहिल्यांदा. नाव कार्यालयभर घुमलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अण्णा मात्र खुशीत उठले आणि फेटा बांधून घेऊन बसले.

स्टेजवरून उतरल्यावर तात्यासाहेब चिडूनच म्हणाले, "आधीच घ्यायचं नाय का? लई तमाशा झाला."

"मामंजींचं सांगितलं," साळूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुमचं सांगायची पाळी तेवढी माझ्यावर आणू नका."